साऱ्या गावाचा नंबर

नांदेडच्या बसस्थानकात खांबाला टेकून एक पोरगी फोनमध्ये "चार, नऊ, नऊ, शून्य... न्हाई काका, नऊ दोनदा" असं ओरडून सांगत असेल, तर बघणाऱ्याला वाटणारच की ही एकतर मटक्याचे आकडे सांगतेय, नाहीतर हिचं डोकं फिरलंय. एका पांढऱ्या शर्टवाल्याने मला तसं विचारलंही. मी म्हणालो, "साहेब, ती आमच्या गावची तिजोरी आहे. तुम्ही पुढं सरका, गाडी सुटायचीय."

ती शिवकन्या. मी मन्मथ, एसटीत कंडक्टर. जळकोटहून मुखेडवरून नांदेडला जाणारी गाडी माझ्याकडे असते आणि ती आमच्याच गावावरून जाते. सकाळी गाडी फाट्यावर थांबली की साखराबाई फडक्यात बांधलेला डबा खिडकीतून आत देते. मी तो माझ्या सीटखाली ठेवतो. नांदेडला तो घ्यायला शिवकन्या उभी असायची. आमच्या भागात यात नवल नाही. लातूरला, नांदेडला शिकणाऱ्या कितीतरी पोरांची पोटं एसटीतून आलेल्या डब्यावर चालतात. मी आजवर गाडीभर डबे पोचवले असतील, आणि धपाट्यांचा वास नाकात शिरला तरी एकही कधी उघडून बघितला नाही. माझ्या नोकरीत एवढा एकच संयम मला जमला. बाकी मी तापट माणूस आहे, सुट्टे पैसे नसलेल्या माणसाला विचारा.

साखराबाई ही शिवकन्याची नात्याने कुणी लागत नाही, शेजारीण आहे. शिवकन्या बालवाडीत असतानाच तिची आई गेली. वडील रामलिंग हंगामभर किल्लारीकडच्या साखर कारखान्यावर. मग ही पोरगी शेजारच्या ग्यानोबा आणि साखराबाईच्या चुलीपुढं वाढली. रामलिंग माणूस भला आहे, पण बोलायचं म्हटलं की त्याचं तोंड दुखतं. लेकीला फोन केला तर "बरी हायस ना? बरं" एवढं म्हणून ठेवून देतो, आणि हे शेवटचं "बरं" ती उत्तर द्यायच्या आत म्हणून मोकळा होतो.

गावात पहिला मोठा फोन शिवकन्याच्या हातात आला, ती बारावीला लातूरला होती तेव्हा. लातूरला आमच्याकडची पोरं डॉक्टर व्हायला जातात. काही होतात, बाकीची दुसरं काहीतरी शिकून घेतात. ही बाकीच्यांतली. पण तेव्हापासून गावात ज्याला बँकेत खातं काढायचं, पीक विमा भरायचा, गॅसची नोंदणी करायची, तो म्हणायचा, "नंबर शिवकन्याचा टाक." स्वतःचा फोन नसायचा. असला तर रिचार्ज नसायचा. रिचार्ज असला तर मेसेज वाचता यायचा नाही. असं करत करत अर्ध्या गावाचे ओटीपी एका पोरीच्या फोनवर यायला लागले. ग्यानोबा जळकोटच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर बसून फोन करायचा, "शिवकन्या, आला का गं?" आणि ही वर्गातून बाहेर येऊन आकडे सांगायची. मल्लम्माचा गॅस कधी संपला आणि महांतेशने म्हैस विम्यात कधी घातली, हे तिला लातुरात बसून आमच्या आधी कळायचं.

लातूरला बी.एस्सी. करून ती नांदेडच्या विद्यापीठात सायबर सिक्युरिटी शिकायला आली. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे नेमकं काय गं?"

"चोर कसा शिरतो ते आधी शिकायचं मामा, मग दार कसं लावायचं ते."

"आपल्या गावात दार लावतंय कोण?"

"तेच तर," ती म्हणाली.

तिला शिकवलेला पहिला धडाही तिने मला फलाटावरच सांगितला. कुणावर भरवसा ठेवायचा नाही. परक्यावर नाही, ओळखीच्यावर नाही, घरातल्यावरही नाही. जो येईल त्याला दर वेळी नव्याने तपासायचं. मी म्हणालो, "मग तुमच्या सरांचं लग्न झालंय का?" ती हसली. त्या वर्षात मी तिला फारसं हसताना पाहिलं नाही, म्हणून लक्षात आहे.

वर्गातली पोरं शहरातली, घरात कॉम्प्युटर बघत वाढलेली. हिच्या तोंडून कधी "हाय", "न्हाई" निघून जायचं. कुणीतरी हसलं असावं, कारण ती वर्गात हळूहळू बोलायचीच बंद झाली. खोलीतली मैत्रीण तनुजा दर शनिवारी लातूरला घरी पळायची. मग रविवारभर खोलीत ही आणि तो लॅपटॉप. त्यातही काय बघायचं, तर कुणी कुणाला कसं फसवलं. मला कुणी दिवसभर तेच बघायला बसवलं असतं तर मी संध्याकाळी स्वतःच्या बायकोलाही तिकीट दाखव म्हणालो असतो.

खरं म्हणजे होस्टेलला मेस होती. डब्याची गरज नव्हती. शहराबाहेर विष्णुपुरीला असलेल्या विद्यापीठातून बसस्थानकापर्यंत यायचं, गार झालेली धपाटी घ्यायची आणि परत जायचं, हा उद्योग करायचं काहीच कारण नव्हतं. पण ती यायची. गाडी लागल्यापासून परत सुटेपर्यंत माझ्याशेजारी उभी राहायची आणि विचारायची, गाय व्याली का, हरभरा कसा आहे, देवळाचा रंग झाला का. मी काय सांगणार? जे दिसलं ते सांगायचो. एवढ्यात तिचा फोन वाजायचा. "आला का गं?" ती आकडे सांगायची. आणि फोन ठेवताना पलीकडचा माणूस, कुणीही असो, हमखास विचारायचा, "जेवलीस का?" उपाशी असली तरी ती म्हणायची, "जेवले." तिचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा.

गेल्या वर्षी सोयाबीनचे पैसे ग्यानोबाच्या खात्यात पडले त्या आठवड्यातली गोष्ट. शिवकन्याला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वयस्क माणसाचा आवाज, बोली अस्सल आमच्याकडची. "पोरी, जेवलीस का? ग्यानोबा हितं सेंटरवर माझ्यापाशी बसलाय. त्येच्या फोनची बॅटरी गेली. ओटीपी आला का बघ की."

ओटीपी आलाच होता. ती म्हणाली, "जेवले काका," आणि आकडे सांगितले. तो म्हणाला, "जप गं बाई," आणि फोन ठेवला.

पुढचा मेसेज आला तो ग्यानोबाच्या खात्यातले पैसे गेल्याचा. चोर कसा शिरतो हे जी शिकत होती, तिनेच दार उघडून त्याला या बसा म्हटलं होतं. पण एक सांगतो, पोरगी तिथल्या तिथं रडत बसली नाही. तिने लगेच हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला लावला, तक्रार नोंदवली, आणि पैसे वाटेतच कुठल्याशा खात्यात अडकवून ठेवले. पुढे ते परत आलेही. तो माणूस कोण, हे मात्र कधीच कळलं नाही. कळणार कसं? बाजारात, फलाटावर, रांगेत आम्ही सगळेच "शिवकन्या, आला का गं?" म्हणून बोंबलत होतो. ज्याला ऐकायचं होतं त्याने ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन गाडीपाशी आली. "मामा, गावाचं तिकीट द्या."

"सुट्टी लागली?"

"न्हाई. सोडलं कॉलेज."

मी तिला माझ्या शेजारी बसवलं. मुखेड येईपर्यंत तिने मला सगळं सांगितलं. "फोनवर ओटीपी सांगणाऱ्याच्या ज्या चुकीवर अख्खा वर्ग हसला होता तीच मी केली, मामा. आता कुणाला कोणत्या तोंडानं म्हणू की तुमची राखण माझ्याकडं द्या?" मला संताप आला. तिचा नाही, त्या माणसाचा. पैसे चोरणारे मी गाडीत रोज बघतो. पण "जप गं बाई" म्हणून चोरी करणाऱ्याला काय म्हणावं? त्या रागात मी एका म्हाताऱ्याला चुकीच्या थांब्याचं तिकीट दिलं.

ड्युटी संपवून मी गावात आलो, तो सरळ ग्यानोबाच्या अंगणात गेलो. ग्यानोबा तंबाखू मळत बसला होता. शिवकन्या खाली मान घालून. ग्यानोबा म्हणत होता, "पैसे अडकलेत म्हणतीस ना? मग निघतील की. म्हैस अडकली तरी निघती." त्याच्या परीने तो समजूत काढत होता.

साखराबाई मात्र वेगळंच विचारत होती. "त्यो मेला तुला पहिल्यांदा काय म्हणाला?"

शिवकन्या म्हणाली, "जेवलीस का म्हणाला."

"बरोब्बर जागी हात घातला मुडद्यानं," साखराबाई म्हणाली.

तेव्हा शिवकन्या रडली. "काकू, तिथं मला कुणी बी इचारत न्हाई गं. दिवसच्या दिवस जातेत. ओटीपी आला तरच माझ्याशी माणूस बोलतंय." हे सगळ्यांसमोर म्हणाली. रामलिंग दारात उभा होता, तो कारखान्यावरून आला होता. त्यानेही ऐकलं.

साखराबाईने पदराने तिचं तोंड पुसलं आणि निकाल दिला. "उद्या मन्मथच्या गाडीनं माघारी जायाचं. शिक्शान पुरं करायचं. आन् दिवाळीला आलीस की आमचे सगळ्यांचे नंबर तुझ्या फोनवरनं काढून टाक. आमचं आमी बघतो. तू आमची राखण करून राहिलीस, आन् तुझी कोण करतंय?"

दिवाळीच्या सुट्टीत तिने तेच केलं. सण बाजूला ठेवून घरोघरी फिरली. कुणाच्या पोराचा, कुणाच्या सुनेचा नंबर खात्याला जोडायला लावला. त्यासाठी लोकांना जळकोटला बँकेत नेलं. लोक कुरकुरत होते. "ऱ्हाऊ दे की तुझ्याकडंच, आमचं काय अडलंय?" म्हणत होते. मग संध्याकाळी देवळाच्या पारावर सगळ्यांना गोळा करून तिने सांगितलं की कुणी काहीही म्हणो, आकडे सांगायचे नाहीत. बँकेचा साहेब म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही.

"आता मशीन माणसाचा आवाज बी काढतंय," ती म्हणाली. "माझा आवाज आला, मी रडून राहिले असं वाटलं, तरी नवा नंबर असला तर फोन ठेवून द्यायचा."

"तुझा आवाज आसला तरी?" साखराबाईने विचारलं.

"तरी."

साखराबाईला वाचता येत नाही. तिचा फोन बटनांचा. त्यात शिवकन्याने एक सोय करून दिली. शिवकन्याच्या नंबरवरून फोन आला की कोंबडा आरवायचा, बाकी कुणाचाही आला तर नुसती घंटी. "कोंबडा आरवला की मी. घंटी वाजली की मी न्हाई." साखराबाईने ते पाठ केलं. सुट्टीभर शिवकन्या सराव म्हणून फोन लावायची, तो कोंबडा भर दुपारी आरवायचा आणि गल्लीतल्या खऱ्या कोंबड्यांची पंचाईत व्हायची.

नंबर सुटले तसे फोनही सुटले. मला हे आधी लक्षात आलं नव्हतं, पण आमच्याकडं नुसतं बोलायला म्हणून कोण फोन करतं? काम असलं की करतात. काम संपलं होतं. ती डबा घ्यायला यायची, माझ्याशेजारी उभी राहायची, आणि तिच्या हातातला फोन गप्प असायचा. एकदा म्हणाली, "मामा, मला एक मिस्ड कॉल द्या बरं. फोन बिघडला का काय, बघते." मी दिला. फोन चांगला खणखणला. "नीट हाय की," ती म्हणाली आणि तो पिशवीत टाकला. मला त्या दिवशी गाडी वेळेवर सोडावीशी वाटली नाही. पण ड्रायव्हरने हॉर्न दिला.

साखराबाई अधूनमधून फोन करायची तेवढीच. तिला नंबर लावता येत नसल्यामुळं तीही दुसऱ्या कुणाच्या हातून लावून घ्यायची, आणि तो दुसरा घाईत असायचा.

यंदा उन्हाळ्यात शिवकन्याचा कोर्स संपला. ती नोकरीसाठी मुलाखती देत होती. एके दिवशी नांदेडला गाडी लावली, तर ती दोन मोठ्या बॅगा घेऊन उभी. हैदराबादच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती, आणि दुसऱ्याच दिवशी हजर व्हायचं होतं. काम काय, तर लोकांना फसवायला येणाऱ्यांवर नजर ठेवायची. संध्याकाळच्या रेल्वेचं तिकीट हातात होतं. मी म्हणालो, "गावाकडं तोंड दाखवून तरी जा." ती म्हणाली, "वेळच न्हाई दिला त्यांनी." रामलिंगला तिने सकाळी कळवलं होतं. तो "बरं झालं" म्हणाला होता. नेहमीपेक्षा एक शब्द जास्त. साखराबाईला लावला, तर तेव्हा गावात लाईट नव्हती आणि तिचा फोन बंद होता.

आणि मधल्या वेळात तिने आणखी एक काम उरकलं होतं. जुना नंबर बंद केला होता. "सरांनी मागंच सांगितलं होतं, मामा. तो नंबर चोरांच्या हाती गेलेला. मीच आज करते, उद्या करते म्हणत होते. आज केला न्हाई तर कधीच झाला नसता." नवं कार्ड तिने तिथंच, माझ्या सीटवर बसून फोनमध्ये घातलं. पहिला फोन साखराबाईला लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"काकू, मी शिवकन्या."

"कोण?"

"शिवकन्या. हा माझा नवा नंबर हाय. काकू, जेवलीस का?"

मग साखराबाई म्हणाली, "कोंबडा न्हाई आरवला."

"काकू, त्यो नंबर मी आजच बंद..."

"आवाज लई बेस काढलास रे. तुझ्या मायनं तुला हेच शिकवलं का, मुडद्या?" आणि फोन बंद झाला.

मग मी माझ्या फोनवरून लावला. पण तिच्यासाठी माझीही घंटीच. मी "मन्मथ बोलतोय" एवढंच म्हणालो, तर ती म्हणाली, "आता मन्मथ बी व्हय?" त्यानंतर तिने फोनच बंद करून टाकला, आणि ग्यानोबाचा तर सकाळपासून बंदच होता.

शिवकन्या हसायला लागली. "मामा, काकू पास झाली," म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मांडीवरच्या डब्यावर डोकं टेकून ती रडली. "मीच शिकवलं हो. मला नुसतं सांगायचं होतं, मी चालले म्हणून." माझा हात तिच्या डोक्यावर गेला. त्या वेळी गाडीत चढणाऱ्या एका बाईने विचारलं, "मुखेड हाय का?" मी तिच्यावर उगाच खेकसलो.

शिवकन्याने डबा तिथंच बसून उघडला, धपाटी खाल्ली आणि रिकामा डबा फडक्यात बांधून मला दिला. मी गाडी सोडली तेव्हा ती बॅगांपाशी उभी होती.

दिवेलागणीला गावात पोचलो. साखराबाई चुलीपुढं होती. मला बघताच म्हणाली, "मन्मथ, आज चोरांनी लई जोर लावला बघ. आधी शिवकन्या झाले, मग तू झाले. मी काय बधते व्हय? हाडूत केलं." तिला केवढा अभिमान वाटत होता. ग्यानोबाही कौतुकाने मान हलवत होता. मी तिला सगळं बोलू दिलं. मग डबा पुढं ठेवला आणि सांगितलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. "ती खरीच व्हती?"

"हाव."

"काय म्हणत व्हती?"

"नोकरी लागली म्हणत होती. आजच्या रेल्वेनं हैदराबादला गेली."

"मला जेवलीस का म्हणाली ती," साखराबाई म्हणाली. "आन् मी तिला मुडद्या म्हणलं."

भाकरी जळाल्याचा वास यायला लागला. ग्यानोबाने उठून तवा उतरवला. मी शिवकन्याचा नवा नंबर लावला. रेल्वे रेंजबाहेर असणार, लागला नाही. साखराबाईने माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. फोनमधली ती मशीनची बाई, नंबर संपर्काबाहेर आहे, असं परत परत सांगत होती. साखराबाईने तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग तिलाच म्हणाली, "बाई, तिला एवढं सांगा, जेवून घे म्हणावं."